चौथ्या आरशाचा लाल दिवा

आमच्या बाबांचा कशावरही पटकन विश्वास बसत नाही. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहतात, आणि दुसऱ्या कोणी ओढून पाहिलं असेल तर पुन्हा स्वतः ओढतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी होणाऱ्या जावयाला घरातला गळका नळ दुरुस्त करायला लावला. तो गेल्यावर नळ खोलून आतला वायसर तपासला आणि मगच होकार कळवला.

मी, बाबा आणि माझा नवरा, आम्ही तिघंही एकाच संशोधन केंद्रात कामाला. मी खरेदी विभागात. बाबा प्रकाशाच्या प्रयोगशाळेत चौथा आरसा हलवतात. हा आरसा माणसापेक्षा उंच, मोटारीच्या जोरावर रुळांवरून सरकतो. शेवटचं बोटभर अंतर मात्र बाबा काचेअलीकडच्या नियंत्रण कक्षात बसून हाताने खुंटी फिरवून गाठतात, आणि तेव्हा फिटर आरशाखाली हात घालून पट्ट्या आवळत असतो. या सगळ्या यंत्रांवर नजर ठेवणारी नवी यंत्रणा माझा नवरा सांभाळतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हिसका बसला की लाल दिवा लागतो आणि यंत्र जागीच थांबतं. दर सोमवारी तो सगळ्यांना अपडेट पाठवतो.

प्रत्येक अपडेटमध्ये ‘चौथा आरसा: ठीक’ असंच यायला लागलं, तशी बाबांच्या मनात पाल चुकचुकली.

"बाकीच्यांचा दिवा अधूनमधून लागतो. माझाच कसा लागत नाही?" एका संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ते म्हणाले.

"तुमचा हात चांगला आहे म्हणून."

"मला लोणी लावू नकोस. कुठेतरी पाणी मुरतंय. आपली यंत्रणा गुणी दिसावी म्हणून जावईबापूंनी मर्यादा वाढवली असणार. उद्या आरशाला खरंच हिसका बसला तर त्या फिटरचे हात जातील."

नवरा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होता. मी जाऊन सरळ विचारलं. यंत्रांचा विषय काढला की कान किटेपर्यंत बोलणारा हा माणूस, पण आज घातलेलीच घडी मोडून त्याने पुन्हा घातली आणि "बाबांना जेवायला थांबवून घे" एवढंच म्हणाला. संशय खरा निघाला तर नवरा लबाड, खोटा निघाला तर बाबांनी जावयाला त्याच्याच घरात बसून चोर ठरवलेलं. जेवताना मी कोणाच्याच नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला साक्षीदार म्हणून नियंत्रण कक्षात घेऊन गेले.

"मर्यादा दाखवा, जावईबापू."

नवऱ्याने बरेच आढेवेढे घेतले, मग पडदा बाबांकडे वळवला. मर्यादा वाढवलेली होती. फक्त चौथ्या आरशाची, आणि तीही फक्त सकाळच्या पाळीत.

"सांगत नव्हतो?" बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. मला नवऱ्याचा भयंकर राग आला.

बाबांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि पाळीच्या ओळीवर बोट ठेवलं. सकाळची पाळी त्यांचीच होती.

"पहिली मर्यादा लावा," ते हळूच म्हणाले.

काचेपलीकडच्या फिटरला त्यांनी आरशापासून लांब व्हायला सांगितलं आणि खुंटी फिरवली. लाल दिवा लागला. त्यांनी खुंटीवर संशय घेतला, ती पुसली. पुन्हा दिवा लागला. खुर्ची डुगडुगते म्हणून ती बदलली. तरी दिवा लागलाच. मग त्यांनी खुंटी सोडून उजवा हात टेबलावर ठेवला. बारीकशी थरथर होती, टक लावून पाहिलं तरच दिसणारी. मला रडू आलं.

"तुमचं काम गेलं असतं, बाबा," नवरा म्हणाला. "मला ते बघवलं नसतं."

"आणि फिटरचे हात गेलेले बघवले असते?"

नवऱ्याने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला.

"अपडेट लिहायला घ्या," बाबा म्हणाले. "चौथा आरसा: मर्यादा पूर्ववत केली. चालक बदलावा. कारण, चालकाचा उजवा हात थरथरतो."

नवऱ्याने सांगितलं तसं लिहिलं. बाबांनी चष्मा चढवून शब्द न् शब्द तपासला.

"चालकाचं नाव घाला," ते म्हणाले. "नाहीतर उगाच दुसऱ्या कोणावर संशय जायचा."