सुरुंग आणि बाजरीची कणगी

मी लिहावं इतकं मला येत नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण आज खोलीवर परतताना गिरणीतून बाजरीच्या पिठाचा उबदार वास आला आणि मी मनानं पारनेरकडच्या आमच्या वस्तीवर पोहोचलो.

शेजारच्या शेतात तेव्हा विहीर खणत होते. "सुरुंग हाय, लांब व्हा!" अशी आरोळी आली की आमचा कुत्रा खंड्या वेडापिसा पळायचा. एकदा तर तो थेट विहिरीकडेच धावला होता. म्हणून आईनं बाजरी साठवायची रिकामी कणगी आडवी केली. आरोळी आली की ती भाकरी घेऊन आत वाकून बसायची.

"ये रं माझ्या वाघा!"

"कसला वाघ? उंदीर हाय त्यो," माझे वडील, दादा, हसायचे.

"असू द्या. उंदराला बी जीव हाय."

एका दुपारी मीही आत शिरलो होतो. कणगीच्या फटींतून ऊन झिरपत होतं आणि त्यात बाजरीची धूळ तरंगत होती. सुरुंग उडाला, जमीन हादरली. खंड्याचं चघळणं मात्र थांबलं नाही. आईनं डोळे मिटून त्याच्या मानेत तोंड खुपसलं होतं; ते का, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

खोलीवर पोहोचलो तोच तिचा फोन आला.

"खंड्याला आता काईच ऐकू येत न्हाई रं. पर दिवाळीचे फटाके सुरू झाले, मी भाकरी घेतली, की कणगीत जाऊन बसतोय. माज्यासाठी जागा ठिवून."