बाबांचा गोलांचा अंदाज

पुण्याहून हॅमिल्टनला आमच्याकडे राहायला आलेले बाबा सकाळी चहा पिताना सांगायचे, “आज पोर्तुगालच्या मॅचमध्ये दोन्हीकडचे मिळून तीन गोलसुद्धा होणार नाहीत.” अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. जन्मभर क्रिकेट बघितलेल्या माणसाला फुटबॉलमधलं हे कसं कळतं, याचा मला संशय यायला लागला. एकदा ते आंघोळीला गेल्यावर मला माहीत असलेला पिन टाकून मी त्यांचा फोन उघडला. समोर सट्ट्याची साइट होती.

“बाबा, तुम्ही पैसे लावता?”

“नाही रे. लोक किती गोलांवर लावतात ते बघतो, त्यावरून कळतं.”

मला पटलं नाही. त्यांच्यासमोरच सगळा फोन तपासला. साइटवर त्यांचं खातंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनचं लॉक काढून टाकलं आणि मला अंदाज सांगणंही बंद केलं.