माझ्या आवाजातलं कासव

कॅरलचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून नुकताच आत आलो होतो. एक हातमोजा अजून हातातच होता. "ग्लेन गेला," ती म्हणाली. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. मग जरा थांबून, "तुम्ही त्याचे मित्र. म्हणून आधी तुम्हाला सांगतेय." काय बोलायचं असतं ते मी बोललो. फोन ठेवल्यावर सुमन, माझी बायको, हळूच म्हणाली, "रडावंसं वाटत असेल तर रडा हो..." मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो माणूस निघून गेला होता. आज त्याला दीड महिना झाला.

कॅनडात विंडसरच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर म्हणून सगळी नोकरी काढून मी निवृत्त झालो आणि २०१५ साली आम्ही मुलाजवळ, टोरांटोशेजारच्या रिचमंड हिलला राहायला आलो. शेजारी ग्लेन आणि कॅरल. पहिल्याच आठवड्यात तो केक घेऊन दारात उभा राहिला. सत्तरीचा, उंच, पांढऱ्या झुपकेदार भुवयांचा. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय," मी म्हणालो. "पाहिलं असेल. मी बहुतेक दुसऱ्या सीनमध्ये मरतो," तो म्हणाला. ग्लेन नट होता.

ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढपाळी गावात त्याचा जन्म. बाप लोकर कातरणारा. सतराव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर हा पळाला आणि दोन वर्षं भालदार म्हणून नुसता उभा राहिला. पुढे तिकडच्या एका मालिकेत नऊ वर्षं पोलीस इन्स्पेक्टर. लोक रस्त्यात थांबवून सायकल चोरीला गेल्याची तक्रार सांगत, आणि हा ती शांतपणे ऐकून घेई. मग कॅनडाची कॅरल भेटली, लग्न झालं, आणि चाळिशीत टोरांटोला येऊन त्याने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. इथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. टोरांटोच्या रस्त्यांना न्यूयॉर्क बनवून सिनेमे निघायचे, त्यांत हा न्यायाधीश, पाद्री, नाहीतर प्रेत. खरी भूक तो उन्हाळ्यात गावोगावच्या छोट्या रंगमंचांवर भागवायचा. एकदा आम्ही पाहायला गेलो होतो. बायको वारलेल्या म्हाताऱ्याचं काम होतं. एका प्रवेशात तो फक्त कोटाची बटणं लावतो, एकही शब्द नाही... गुडघे गेल्यावर मात्र आवाजाचंच काम उरलं. जाहिराती, लिफ्टमधल्या सूचना, कार्टून.

हिवाळ्यात रोज दुपारी तो आमच्याकडे चहाला यायचा. आल्याचा चहा, दोन साखरा. मला बोलतं करायचा. "हे पुन्हा सांग ना," म्हणायचा. आयुष्यात माझं इंग्रजी कोणी दुसऱ्यांदा ऐकायला मागितलं नव्हतं. मला ते आवडायचं, खोटं का बोलू. अशाच एका दुपारी त्याने सांगितलं, की फिरती कंपनी सोडून तो नाट्यशाळेत गेला तेव्हा गावठी उच्चार घालवायला मास्तर त्याला दातांत पेन्सिल धरायला लावून वर्गापुढे उभं करायचे आणि वर्ग हसायचा. वर्षभराने त्याने घरी फोन केला तर बाप म्हणाला, "कोण बोलतंय?"

त्याने हे सांगितलं म्हणून मीही माझं सांगितलं. विंडसरमधलं पहिलं वर्ष. मी लाउडस्पीकरवर 'व्हॉल्व्ह' मागवला. फोरमनला तो 'वॉल', म्हणजे भिंत, असा ऐकू आला, की त्याने तसं दाखवलं, कोण जाणे. त्याने मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. सगळा कारखाना हातातली अवजारं पिंपांवर आपटत हसत होता. त्या दिवशी मी डबा न उघडता घरी आणला होता. हे मी सुमनलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ग्लेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी माझी सहा वर्षांची नात तन्वी टीव्हीपुढे बसून ओरडली, "आबा, कम क्विक! ही टॉक्स जस्ट लाइक यू!" पडद्यावर तळ्याकाठचं एक म्हातारं कासव होतं, मेकॅनिक. आवाज माझा. माझं वाक्यामध्ये अडणं, माझं 'ॲक्च्युअली', सगळं. कासव कर्ण्यातून व्हॉल्व्ह मागत होतं आणि बदकं त्याला एकेक वीट करून भिंत आणून देत होती. तन्वी हसून हसून सोफ्यावर लोळत होती. "वन मोअर टाइम, आबा, से इट!" म्हणाली... मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तसाच स्लिपर घालून बर्फातून शेजारी गेलो. ग्लेनने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं.

"मुलांना ते कासव फार आवडतं," तो म्हणाला. "मी प्रेमाने केलंय."

"मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग?"

"आमच्या धंद्यात जे हाती लागतं ते घेतात रे. माझंही घेतलंच ना."

मला आजही सलतं ते हेच. ज्याला ती पेन्सिल माहीत नव्हती, त्याने हे केलं असतं तर मी एकदाच चिडून विसरलो असतो. याला माहीत होती.

चहा बंद झाला. कासवाचा दुसरा सीझन आला. त्यासाठी ग्लेनचं बक्षिसाला नाव गेलं, ते कॅरलने सुमनला सांगितलं. तन्वीच्या वाढदिवसाला त्याने कासवाची बाहुली पाठवली, ती मी गराजमध्ये ठेवून दिली. दोन वर्षांत आमची भेट एकदाच झाली, ग्रोसरीच्या दुकानात. तो काठी घेऊन चालत होता. त्याने हात वर केला. मी कोथिंबीर निवडत राहिलो.

शोकसभेला मी मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर त्याचे तुकडे दाखवले. तरणा इन्स्पेक्टर, पाद्री, बटणं लावणारा म्हातारा. आणि शेवटी कासव. सगळे हसले, हसता हसता डोळे पुसू लागले. भरल्या सभागृहात माझा आवाज घुमत होता आणि लोक ग्लेनसाठी रडत होते. सुमनने माझा हात घट्ट धरला. व्हॉल्व्हची गोष्ट मी तिला त्याच संध्याकाळी सांगितली. ती एवढंच म्हणाली, "मला का नाही हो सांगितलंत?"

गेल्या रविवारी कॅरलने बोलावलं. घर आवरत होती, बेसमेंटमधून खोकी वर आणायची होती. तिथे जिन्याखाली एक कपाटाएवढी खोली आहे, भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. ग्लेन तिथे घरची रेकॉर्डिंग करायचा. एक स्टूल, एक मायक्रोफोन, कागद वाचायला दिवा. मी आत गेलो, दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसलो. मायक्रोफोन बंदच होता. आणि मी ग्लेनशी बोलायला लागलो. मराठीत. इतक्या दुपारी घालवल्या, पण याच्याशी मी मराठीत कधी एक अक्षर बोललो नव्हतो. सगळं बोललो, अडखळलो नाही कुठेही. शिव्यासुद्धा दिल्या, लहानपणी दिल्या होत्या तशा. त्या रजयांमध्ये आवाज कुठेच घुमत नाही, तोंडातून निघतो आणि तिथेच जिरतो.

बाहेर आलो तर कॅरल जिन्यावर उभी.

"कोणाशी बोलत होतात?"

"ग्लेनशी."

तिने डोळे पुसले. "काय म्हणालात त्याला?"

मी खोकं उचललं आणि वर निघालो. भाषांतर काही मी केलं नाही.