चाकाखालची वीट

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही: नव्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स मीच तापवला आणि बोल बायकोला लावला.

इतवारीजवळ पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. ब्रेक सोडून मी ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलत होतो. पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. शेजारी भांड्यांचा हातठेला होता. ठेलेवाला थांबला की पायानेच चाकाखाली वीट सरकवायचा आणि निवांत मिशा पुसायचा. खिडकीशी वाकून हसला, "भाऊ, थांबल्यावर बी जोर काहून लावून राहिले? माह्यापाशी वीट हाय, तुमाले कंपनीनं बिरेक नाही देला का?"

मी ब्रेक दाबला. घरी मात्र गिअरबॉक्स तापल्याचं सांगून बायकोला म्हणालो, "सकाळी तू चालवलीस, तूच बिघडवलीस." तेव्हापासून ती स्टिअरिंगला हात लावत नाही.

चूक माझी होती, एवढं तिला सांगणं अजून बाकी आहे.