फक्रुद्दीन शिकलगाराची दगडांची वही

आमच्या उचगावात दगडांना कधी तोटा नव्हता. शेतात दगड, ओढ्यात दगड, आणि चावडीच्या कट्ट्यावर दिवसभर बसणाऱ्यांच्या डोक्यांत काय होतं ते, मला अजून याच गावात राहायचं असल्यामुळं, इथं लिहीत नाही. पण या दगडांची कुणी वही घालावी, एकेकाचा ठावठिकाणा टिपून ठेवावा, हे गावात कुणाला सुचलं नव्हतं. ते सुचलं एका शिकलगाराला, आणि तोही परगावचा.

फक्रुद्दीन शिकलगार राहायचा कोल्हापुरात. त्याचा आजा आणि बाप शिलेखान्यात, म्हणजे दरबारच्या हत्यारखान्यात, तलवारींना धार लावत. फक्रुद्दीनही कोवळ्या वयापासून तिथंच वाढला. तलवार आली की ती कुणाची, कुठून आली, धारेला खाचा किती, हे मोडी लिपीत टिपून ठेवायचं काम त्याच्याकडं असे. पुढं तलवारी नुसत्या दसऱ्याला मिरवायच्या झाल्या. मिरवायच्या तलवारीला धार लागत नाही, चकाकी लागते, आणि ती राखेनं कुणीही आणतो. मग फक्रुद्दीननं सहाणेचं चाक पाठीवर घेतलं आणि खेडी धरली. कोल्हापूरचे छत्रपती महाराज गादीवर येऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. दर बुधवारी तो आमच्या चावडीपुढं बसायचा. पायानं चाक फिरवायचं, हातानं विळा धरायचा आणि तोंडानं गावाच्या लोखंडाची निंदा करायची. ह्या विळ्यानं गवत कापता का नुसतं घाबरवता, असं तो भल्याभल्या बागायतदारांना विचारायचा, आणि धार लावून घ्यायची असल्यामुळं बागायतदार ऐकून घ्यायचे.

सुरुवात झाली ती केरबाच्या चकमकीपासनं. केरबा म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा चिलीमबाज. शाहूपुरीच्या दुकानांत आगपेट्या मिळायला लागून जमाना लोटला होता, पण आगपेटीच्या विस्तवाला चव नसते असं केरबाचं मत होतं. त्याच्या बटव्यात कापूस, पोलादाचा एक तुकडा आणि ओढ्यात मिळालेल्या चार गारगोट्या असायच्या. एका बुधवारी तो चिलीम पेटवत असताना फक्रुद्दीननं चाक थांबवलं, त्याच्या हातातली गारगोटी मागून घेतली आणि विळ्यावरनं फिरवतो तसा तिच्या कडेवरनं अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"केरबा, ही धार आपसूक आलेली न्हाय. कुणीतरी काढलीया."

"देवानं काढली आसंल की."

"देव एका अंगानं ढलप्या उडवून, मग दगड उलटा करून दुसऱ्या अंगानं उडवत बसत न्हाय. ह्ये कारागिराचं काम हाय. लोखंड न्हवतं तवाचं."

लोखंड नव्हतं तेव्हा आमच्या ओढ्याला बसून कुणीतरी हत्यारांना धार काढत होता, आणि तो आपलाच कुणीतरी होता, असं फक्रुद्दीननं जाहीर केलं. गावानं ताबडतोब विचारलं की आपला म्हणजे तुमच्यातला का आमच्यातला. फक्रुद्दीन म्हणाला, शिकलगारातला.

पुढच्या बुधवारी तो एक जाड वही घेऊन आला. दगड कागदावर ठेवायचा, चांभार पायाचं माप घेतो तशी कोळशानं कडेकडेनं रेघ मारायची, आणि धार असेल त्या बाजूला बारीक टिंबं द्यायची. खाली मोडीत लिहायचं: कुणाचं शेत, बांधापासनं किती पावलं, किती हात खोल, कोण काय करत असताना सापडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. तिथली माती लोक खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत आणि तिच्यात काळी-तांबडी खापरं निघत. चिमणाबाईनं आपल्या मिरचीच्या वाफ्यातलं असंच एक नक्षीचं खापर आणून दिलं, तर त्यानं ते मिरचीच्या नावावर लिहायला साफ नकार दिला. आधी गाडी कुठनं भरली ते सांगा म्हणाला. चिमणाबाई सांगत फिरली की शिकलगाराला मिरचीपेक्षा गाडीचं कौतुक.

पण त्याचं म्हणणं एकच होतं. दगडाचं निम्मं मोल त्याच्या जाग्यात. जागा गेली की उरते ती नुसती गारगोटी, ती केरबाच्या बटव्यात टाकावी. म्हणून जो कुणी त्याला जागेवर नेऊन दगड दाखवील त्याच्या एका हत्याराला तो फुकट धार लावून द्यायचा. उन्हाळाभर हे नीट चाललं. तो लोकांच्या मागं बांधाबांधानं हिंडला, पावलं मोजली, खड्ड्यात उतरला. लोकांना वाटायचं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, पण धार चांगली लावतो.

आषाढात ओढा ओलांडताना त्याचा पाय मुरगळला आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. तीन महिने शेतात जाणं बंद. तो कुणाच्या तरी गाडीतनं यायचा, चावडीपुढं बसायचा, दुसऱ्या पायानं चाक फिरवायचा. दगड आता चावडीवर यायला लागले आणि जागा लोकांनी तोंडी सांगायची, त्यानं लिहायची. इथं तो चुकला. हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं, नाहीतर माझी लिहायची छाती नव्हती.

उचगाव हे काही फार मेहनती गाव नव्हे, पण फुकट म्हटलं की त्याच्या अंगात वारं शिरतं. ज्या गावाला वर्षानुवर्षं डोळ्यांपुढची बैलं दिसत नव्हती त्याला अचानक बोटाएवढ्या गारगोट्या दिसायला लागल्या. झुंबरबाई ही एकटीनं शेत करणारी बाई. तिच्या विळ्याला धार लावावी लागायची, जिभेला कधी लागली नाही. तिनं पदरातनं पाच दगड आणले आणि माळावर तण भांगलताना मिळाले म्हणून सांगितलं. त्या महिन्यात ती माळाकडं फिरकलीही नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण रांगेत आमच्याही घरचं खुरपं होतं.

सगळ्यांवर कडी केली केरबानं. साठ वर्षं गारगोटीवर पोलाद आपटलेला हात. कसा आपटला की दगड कुठं उडतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. त्यानं गोठ्यामागं बसून तीन दिवसांत कण्हेरीच्या पानासारखं एक निमुळतं, दोन्ही कडांना धारेचं पातं घडवलं, शेणाच्या चिखलात चार दिवस मुरवलं आणि एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी चावडीवर आणलं. घरच्या नव्या विहिरीत चार हात खोल सापडलं म्हणाला. फक्रुद्दीननं लगेच वही ओढली. त्या पात्याला त्यानं वहीचं आख्खं पान दिलं, आणि केरबाच्या एका हत्याराऐवजी कुऱ्हाड, विळा आणि कोयता, तिन्हींना धार लावून दिली.

आता गणपतरावांविषयी सांगायला हवं. गणपतराव कोल्हापूरचे विद्वान. म्हणजे ते मोठ्या हुद्द्यावरनं निवृत्त झाले होते आणि त्यांच्या घरी काचेचं कपाट होतं. अडकित्त्याला धार लावून घेताना त्यांनी फक्रुद्दीनची वही पाहिली. असली वही आपल्या मुलखात कुणी घातली नाही म्हणाले, आणि ती मुंबईच्या एका विद्वत्सभेला त्याच्या नावानिशी पाठवायचं कबूल केलं. कण्हेरीच्या पानासारखं ते पातं मात्र त्यांनी आधीच, अभ्यासासाठी, ठेवून घेतलं.

त्या दिवसापासून फक्रुद्दीनला दुसरा विषय उरला नाही. नाव छापून यावं याची त्याला हौस नव्हती असं मी म्हणणार नाही, ती सगळ्यांना असते. पण तो पुन्हा पुन्हा सांगायचा ते वेगळंच. शिलेखान्यात त्याच्या आज्यानं हजार तलवारी घासल्या, त्यांवर राजांची नावं, सरदारांची नावं. घासणाऱ्याचं कुठं कधी लिहिलं गेलं नाही. त्या ओढ्याकाठच्या कारागिराचं नाव तर कुणालाच ठाऊक नाही. निदान तो कुठं बसायचा, एवढं तरी पक्क्या शाईनं राहावं.

इकडं गणपतरावांनी त्या एका पात्यावर निबंध लिहिला आणि त्याच सभेत वाचला. उचगावच्या पुरातन रहिवाशांची कारागिरी साऱ्या दख्खनेत वरचढ होती, असं त्यात सिद्ध केलं होतं. टाळ्या पडल्या. बातमी गावात आली आणि आपल्या पूर्वजांविषयी गावाचंही पूर्वीपासून हेच मत होतं असं निघालं.

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस ते टांग्यातनं केरबाची विहीर बघायला आले. बरोबर मखमलीत गुंडाळलेलं पातं होतं, रिठ्याच्या पाण्यानं स्वच्छ धुतलेलं. फक्रुद्दीन काठी टेकत आला. मागं निम्मं गाव. केरबानं विहिरीत बोट दाखवून कुठं मिळालं ते सांगितलं. बोट दर वेळी भलतीकडं जात होतं. फक्रुद्दीननं पातं हातात घेतलं, उन्हाकडं धरलं आणि कडेवरनं अंगठा फिरवला.

"रावसाहेब," तो म्हणाला, "ह्ये खरं न्हाय."

गणपतरावांना वाटलं, जागा चुकली.

"जागा न्हवं, पातंच खोटं. ही करडी रेघ बघा. लोखंडाचा घासा हाय. दगडावर लोखंड चाललं की काय ऱ्हातं ते चाळीस वरसं बघतोय मी. चिखलाखाली दिसलं न्हाय, तुमी धुतलं आन् दिसलं. लोखंड न्हवतं तवाच्या माणसानं लोखंड कुठनं आणलं?"

सगळ्यांनी केरबाकडं बघितलं. केरबा विहिरीत बघत होता.

गणपतराव अजिबात गडबडले नाहीत. विद्वत्ता ती हीच.

"निबंध वाचून झाला आहे," ते म्हणाले. "आता ते खोटं असू शकत नाही. तुम्ही वही आहे तशी द्या, शिकलगार. येत्या आठवड्यात मुंबईला जाईल, तुमच्या नावासकट. एका दगडापायी सगळ्यावर पाणी कशाला सोडता?"

फक्रुद्दीन विहिरीच्या काठावर बसला. पाय पुढं ताणून ठेवला, वही मांडीवर उघडली, पात्याचं ते आख्खं पान शोधलं आणि त्यावर कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. आम्हाला वाटलं, संपलं. पण तो पानं मागं उलटत आषाढापर्यंत गेला आणि एकेका दगडावर रेघ मारत पुढं यायला लागला. झुंबरबाईचे पाच गेले. आमच्या घरचा गेला. चोवीस दगड गेले.

"पाय मुरगळल्यापासनं मी एका बी जाग्यावर गेलेलो न्हाय," तो म्हणाला. "एक खोटा निघाला, बाकीचे खरे कशावरनं?"

गणपतराव त्याला एवढा वेळ तुम्ही म्हणत होते. "असली खाडाखोड मुंबईला पाठवून माझी शोभा करू काय? ठेव तुझी वही तुझ्यापाशी," असं म्हणून त्यांनी पातं मखमलीत गुंडाळलं आणि टांग्यात बसले. ते पातं अजून त्यांच्या काचेच्या कपाटात आहे. खाली उचगावचं नाव आहे.

पुढच्या बुधवारी फक्रुद्दीन आला, चाक मांडलं, पण फिरवलं नाही. आषाढापासनं ज्यानं ज्यानं दगड दिला त्यानं खरी जागा सांगायची आणि तिथवर न्यायचं, तोवर या गावाच्या लोखंडाला सहाण नाही, एवढं बोलून तो पान खात बसला. गाव म्हणालं, बस. तू काय एकटाच शिकलगार हाईस? कोल्हापुराहून दुसरा बोलवायला माणूस पाठवला. तो दुसरा निघाला फक्रुद्दीनचा चुलतभाऊ. त्यानं आलेल्या माणसाला चहा पाजून परत लावून दिलं.

भात पिवळं पडायला लागलं. बोथट विळ्यानं भात कापणं म्हणजे दात नसताना ऊस खाणं. पहिली झुंबरबाई आली.

"दगड माझ्या म्हायेरचे हायती, मामा. जोतिबाच्या पायथ्याला भावाचं शेत हाय, तितलं. जागा खोटी बोलले, पर दगड खरे हायती."

"मग म्हायेरी चला, आक्का."

तो खरंच गेला. लंगडत, दोन दिवस मोडून. आणि तिच्या भावाच्या बांधाला तसलेच आणखी सात पडलेले बघून आला, म्हणजे झुंबरबाई आयुष्यात एकदा खरं बोलली होती. मग एकेकजण कबूल होत गेला. बऱ्याच जणांना आपलं खोटं नेमकं काय होतं तेच आठवेना, म्हणून वहीत बघून सांगावं लागलं. आमच्या घरचा दगड रस्त्याच्या खडीतला निघाला. फक्रुद्दीननं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी मराठी सहावी झालेला असल्यामुळं मान खाली घातली.

शेवटी केरबा राहिला. त्याचं भात सगळ्यांच्या आधी पिकलं होतं तरी तो शेवटी आला, आणि आल्या आल्या तक्रार सुरू केली.

"फकरू, माझं पान नुसतं खोडून नगं ठेवू. तीन दीस बसून केलतं मी. बोटं फुटली."

फक्रुद्दीननं ते कसं केलं ते दाखवायला सांगितलं. दोघं गोठ्यामागं गेले. तिथं श्रावणातल्या ढलप्यांचा ढीग अजून पडला होता. केरबानं पोलाद काढलं, तेव्हा फक्रुद्दीननं ते काढून घेतलं आणि ओढ्यातला एक गोल गोटा हातात दिला. आता ह्यानं कर म्हणाला. केरबा दुपारपर्यंत दगडावर दगड मारत बसला. तीन गारगोट्या मधनं दुभंगल्या, चौथ्या वेळी अंगठा फुटला. धार म्हणावी असं काही निघालं नाही.

केरबानं अंगठा तोंडात घातला, मग बाहेर काढून म्हणाला, "लई वस्ताद हुता म्हणायचा त्यो."

फक्रुद्दीननं वही उघडली. त्या तिरक्या रेघेखाली पानात जागा होती. तिथं त्यानं मोडीत लिहिलं: केरबा, उचगाव. स्वतःच्या गोठ्यामागं, पोलादानं, यंदाच्या श्रावणात घडवलं. घडवणाऱ्याच्या तोंडून ऐकलं, जागेवर जाऊन पाहिलं.

मग त्यानं केरबाचा विळा मागून घेतला.