चीक न लागलेला सदरा

केळीचा चीक एकदा कापडाला लागला की धुऊन जात नाही. ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, माणूस फसतो. दुसऱ्या दिवशी तो तांबडा होतो, मग काळा, आणि कापड फाटेपर्यंत सोबत करतो. म्हणून रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीचे घड वाहणारा माणूस लांबूनही ओळखू येतो.

झुलालही असाच ओळखू यायचा. त्याचा बाप साक्रीकडून पोटामागे इकडे आला होता. तिकडे मिशनच्या दवाखान्यात तो दुखण्यातून उठला, तेव्हापासून प्रभू येशूवर त्याचा विश्वास बसला, आणि मुलासाठी त्याने तेवढीच इस्टेट मागे ठेवली. झुलाल पुढे घड वाहणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. टोळी साक्रीकडचीच, सगळी त्याच्यासारखीच ख्रिस्ती मंडळीतली. भुसावळचे पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी झुलालच प्रार्थना चालवी. लोक त्याला आबा म्हणत, आणि आबा म्हटलं की आपली मान जरा ताठ होते, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

या झुलालकडे एक पांढरा जोड होता, धोतर नि सदरा. प्रभू पुन्हा येणार, तो कधी येईल ते कोणाला ठाऊक नाही. आला तर आपण चिकाच्या डागांत सापडू नये, म्हणून त्याने तो मुद्दाम शिवून घेतला होता. मेलो तर यातच पुरा, असं बायकोला, बेबाबाईला, सांगून ठेवलं होतं. जोड पत्र्याच्या पेटीत असे. फक्त पुनरुत्थानाच्या सणाला बाहेर निघे, आणि सणाआधी झुलाल तो आपल्या हातानं धुई, कारण बायकोच्या धुण्यावर त्याचा भरवसा नव्हता. शास्त्र सांगतं की तारलेल्यांची वस्त्रं कोकराच्या, म्हणजे येशूच्या, रक्तात धुऊन पांढरी होतात. झुलाल आपली सोड्यात नि निळीत धुई, आणि या दोहोंत काही फरक आहे असं त्याच्या मनाला कधी शिवलं नाही. माझा विश्वास मोठा होता, पण तो निळीवर होता, असं तो पुढे सांगे आणि स्वतःच आधी हसे.

सत्त्याऐंशी सालच्या सणाआधी त्याने टोळीला बजावलं की रविवारी कोणी घडाला हात लावायचा नाही. व्यापारी येवो की मालक येवो, तो दिवस देवाचा. बोलताना त्याला आपलाच आवाज फार आवडला.

शनिवारी संध्याकाळी ताईबाई दारात आली. विधवा बाई, शेजारच्या गावाच्या वाटेवरच तिचा केळीचा तुकडा. निंभोऱ्याच्या स्टेशनावर रविवारी वॅगन लागणार असा निरोप आला होता, म्हणून तिने दुपारीच घड कापवले होते. उद्या उजाडता माणसं घेऊन येता ना, असं तिने विचारलं. झुलाल तेव्हा सदऱ्याच्या बाह्या सरळ करत होता. कामाला नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. येतो म्हणाला आणि पुन्हा बाहीकडे वळला. आपण काय बोललो हे त्याच्या कानापर्यंतही पोचलं नाही.

रविवारी पहाटे तो पांढऱ्या जोडात निघाला. मागे बेबाबाई, तिच्या अंगावर सणाचं नवं लुगडं. प्रार्थना शेजारच्या गावी होती. आज तयार राहण्यावर बोलायचं, म्हणून झुलाल चालता चालता ओठांतल्या ओठांत वचनं घोळवत होता. त्याला वाटत होतं, प्रभू याच घडीला आला तर बरं होईल, आपण दिसतो कसे ते तरी तो पाहील.

वळणावर ताईबाईची बैलगाडी सोडून ठेवलेली दिसली. गाडीत चारच घड. ताईबाई पाचवा घड छातीशी धरून वाफ्यातून येत होती, आणि पाय अडखळत होते. आत बांधापर्यंत घडच घड पडले होते.

तेव्हा कुठे कालचा शब्द त्याच्या कानात शिरला.

ताईबाई रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आबा, दुपारपर्यंत वॅगन भरेल. उद्या हा माल कोणी घेणार नाही." चैत्राचं ऊन. कापलेला घड झाडाला परत लावता येत नाही. दीड वर्ष पाणी भरून वाढवलेली केळी आज चढली नाही तर बाजारात पोचण्याआधीच पिकून सडणार, हे झुलालला तिच्याइतकंच कळत होतं.

त्याने मंडळीकडे जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. मग सदऱ्याकडे. टोळीला बोलवायला जावं तर तासभर मोडणार. घरी जाऊन कपडे बदलावेत तर तेवढाच वेळ. नुसतं बनियनवर काम करावं तर धोतर राहतंच, आणि विधवा बाईसमोर त्याहून कमी कपड्यांत उभं राहणं शास्त्रात बसत नव्हतं. तो आधी प्रार्थना करू या, असं म्हणाला.

बेबाबाईने लुगड्याचा ओचा खोचला, वाळल्या पानांची चुंबळ केली आणि पहिला घड डोक्यावर घेतला. दांड्यातून चीक तिच्या नव्या लुगड्यावर ओघळला.

"सदराले चीक लागी," झुलाल पुटपुटला.

"आते तयारच शेतस ना?" ती जाता जाता म्हणाली. "मंग कसानी वाट पाही ऱ्हायनात?"

झुलालने सदरा काढला. धोतर गेलं तर गेलं, सदरा तरी वाचवू म्हणून नीट घडी करून जवळच्या एका खोडावर ठेवला आणि घडाखाली खांदा दिला. मग तो वीस वर्षांचा सराव असल्यासारखा चालला, कारण सराव होताच. गाडी अर्धी भरली तेव्हा आबा का आले नाहीत हे पाहायला अभिमन धावत आला. टोळीतला हा सगळ्यात तोंडाळ माणूस. नुसत्या बनियनवरच्या मुकादमाकडे पाहून तो म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगेल व्हतं, घडले हात लावाना नही."

"सांगेल व्हतं," झुलाल म्हणाला. "येडा व्हतू. जाय, बठ्ठास्ले बलाव."

सगळी मंडळी आली, सणाच्या कपड्यांसकट. गाडी भरली, खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला झुलाल सदरा घ्यायला गेला. ज्या खोडावर त्याने तो ठेवला होता ते कालच कापलेलं होतं, आणि रात्रभर त्याच्या माथ्यावर चीक साठला होता. सदऱ्याची पाठ ओली झाली होती. केळीत आयुष्य गेलेल्या माणसाने ओल्या खोडावर कापड ठेवावं! अभिमन हसून हसून बांधावर बसला. झुलालने तो सदरा तसाच अंगात घातला, आणि पाठीला गार लागलं तेव्हा त्यालाही हसू फुटलं.

वॅगन मिळाली. दार लागलं, मालगाडी हलली. मंडळीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि गाणंही म्हटलं नव्हतं. ताईबाईने भाकरीचं गाठोडं सोडलं. स्टेशनामागच्या निंबाखाली सगळे बसले, आणि आबांनी प्रार्थना करावी असं कोणीतरी म्हणालं.

झुलाल उभा राहिला. एरवी तो पुस्तकातल्या मराठीत प्रार्थना करी, लांब आणि वळणदार. आज त्यातला एक शब्द आठवेना. त्याने बेबाबाईच्या लुगड्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला, "तू आमनाकरता मरना, तिसरे दिन उठना. आम्ही काही तयार नहीत. तरी तू ये."

आमेन म्हणायचं तो विसरला. लोक थोडा वेळ वाट पाहत राहिले, आणि मग बेबाबाईने भाकरी वाटायला घेतली.