आधी तोंड, मग ताट

आधी मावशींचं सांगतो, माझं मागून येईलच. आज माझ्या गालाच्या आत काही नाही. ते 'काही नाही' मला भोरच्या खानावळवाल्या मावशींनी मिळवून दिलं. त्यांचं नाव इथे घालत नाही. त्यांना सगळे मावशीच म्हणत.

"आ कर."

खानावळीच्या चौकटीला हात आडवा लावून त्या उभ्या असत. दार उगवतीला होतं, त्यामुळे सकाळच्या पंगतीच्या वेळी ऊन बरोबर माणसाच्या तोंडात पडे. कचेरीतला कारकून असो की कापूरहोळहून मोटार घेऊन आलेला ड्रायव्हर, आत जायचं तर आधी आ करायचा.

"जीब वर. आता गाल ताण. हां, जा, बस."

एकदा एक कारकून चिडला. "मावशी, मी जेवायला आलोय, बैलबाजारात नाही."

"बैलाचं दात बगत्यात," मावशी म्हणाल्या, "म्या गाल बगती. ताण."

त्यानं ताणला. भुकेपुढे कारकुनी चालत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आत बसलं की ताटात पहिली पडे ती पालेभाजी. माठ, अळू, चाकवत, शेवग्याचा पाला. डोंगराकडच्या बाया भारे घेऊन येत, त्यात जे असेल ते. भाजी संपल्याशिवाय नाचणीची भाकरी नाही, आणि भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळ्याच्या दिवसांत आवळा. कुणी कुरकुरलं, "हा पाला शेळीला घाला," की त्यांचं उत्तर ठरलेलं. "शेळीला कदी तोंडाचा रोग झाल्याला ऐकलाय व्हय?"

मी खानदेशातला. इयत्ता चौथीला शाळा सुटली, शिवणकाम शिकलो, आणि गावच्या एका ओळखीवर इतक्या लांब भोरला एका शिंप्याच्या दुकानात लागलो. मुळात मी भित्रा. परक्या गावात बोलणार कुणाशी, म्हणून गालात तंबाखू धरायला शिकलो. आमच्या धंद्यात विडी चालत नाही, ठिणगी कापडावर पडते. तंबाखूचं तसं नाही. हात मशीनवर, पाय पायट्यावर आणि गोळी गालात. दिवस निघून जाई, भूकही लागत नसे.

दोनेक वर्षं दुकानातच जेवत होतो, मग मावशींची खानावळ लावली. पहिल्याच दिवशी मावशींनी माझा गाल ताणला आणि त्यांचा हात थांबला.

"कवापास्नं धरतुयास?"

"दोनेक वर्षं झाली."

"हितं पांडरं पडलंय." त्या इतक्या हळू बोलल्या की मागचा माणूसही पुढे सरकायचा थांबला. मग मला आत घेतलं, जेवू घातलं, आणि हात धुऊन स्वतः मला डॉक्टरांकडे घेऊन निघाल्या. वाटेत त्यांनी त्यांच्या मालकांचं, म्हणजे वारलेल्या नवऱ्याचं, सांगितलं. मालकांच्या गालातही असाच पांढरा डाग होता. कुणी बघितला नाही. मग तिथे जखम झाली, ती भरलीच नाही, आणि शेवटी पेजसुद्धा गिळवेना.

"तमाकूनं भूक मरती," त्या चालता चालता म्हणाल्या, "भूक मेली की भाजी सुटती, आन् भाजी सुटली की रोगाला घर मिळतं." हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं, की शिवताना मशीनच्या तालावर मनात म्हणू लागलो.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनीच मालकांना शेवटपर्यंत पाहिलं होतं. उजेडात माझा गाल बघून ते म्हणाले, "असे डाग कधी कधी पुढे वाईट वळण घेतात. सगळेच नाही. तंबाखू मात्र आज, आत्ता सुटली पाहिजे."

"आन् भाजी?" मावशींनी विचारलं.

"ज्यांच्या ताटात हिरवं आणि आंबट-ताजं असतं, त्यांना कर्करोग कमी गाठत असावा, असं काही डॉक्टर म्हणू लागलेत. शरीराला झीज भरून काढायला त्यातून काही मिळत असावं. खात्री अजून कुणालाच नाही. पण भाजी खाऊन कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. तंबाखूनं झालेलं पाहिलंय."

मावशींनी हे आधीच कधीतरी ऐकलं होतं, त्यातलं 'असावं' तेवढं गाळून बाकीचा खानावळीचा कायदा केला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी तंबाखू सोडली. कशी सोडली ते विचारू नका. शिलाई वाकडी जायची, दुकानाचे मालक ओरडायचे. मावशींनी खिशात ठेवायला सुकवलेल्या आवळ्याच्या फोडी दिल्या. "गाल मोकळा ऱ्हायला की चोर शिरतु. ह्यो धर गालात." रोज दारात माझा गाल त्या सगळ्यांहून जास्त वेळ बघत. मी त्यांच्या कपाळाकडे बघून अंदाज घ्यायचो. आठी असली की दिवसभर शिवता शिवता जीभ त्याच जागेवर फिरवत बसायचो.

आणि एक दिवस आठी नव्हती.

"फिकाटलंय," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी मला दुप्पट भाजी वाढली.

पुढे एका सकाळी डॉक्टरांनी बघून सांगितलं, डाग गेला. काय सांगू तुम्हाला, मी दवाखान्यातून पळतच सुटलो. एक पोरगेलासा शिंपी बाजारातून तोंड उघडं टाकून पळतोय, हे बघून लोक हसले असतील. खानावळीचं पुढचं दार उघडायचं होतं, म्हणून मी मागच्या दारी गेलो.

"मावशी, गेला. डॉक्टर म्हणाले, तंबाखू सुटली म्हणून गेला."

"डाक्टरला काय कळतंय. भाजीनं गेला." त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या, हसत होत्या. "थांब, दात घासती न् बगती."

त्यांचं बोट काळं होतं. शेजारी पत्र्याची डबी होती. सगळ्या बाया घासतात तशीच ती मिश्री, माझी आईसुद्धा घासते. मी रोज बघतच आलो होतो, पण त्या सकाळी डॉक्टरांचं बोलणं कानात ताजं होतं.

"मावशी, मिश्री कशाची करतात?"

"कशाची म्हंजी? तव्यावर भाजायची, कुटायची..." बोट हिरडीवरच थांबलं. "तमाकूच की रं ती."

गावभरच्या पुरुषांची तोंडं त्यांनी पाहिली होती. त्यांचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मिश्रीला कुणी तंबाखू म्हणतच नाही. ते दातांचं औषध.

"मावशी, आ करा."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "आरं जा. बायामाणसाचं काय बगतुयास."

"उजेड भरपूर आहे. इकडं वळा."

त्या वळल्या. खालचा ओठ मी जपून ओढला. आत, हिरडीच्या कडेला, तो होता. माझ्या डागाचा सख्खा भाऊ.

"हाय का?"

"हाय," मी म्हणालो. त्यांच्यासारखंच, त्यांच्याच बोलीत निघून गेलं.

त्यांनी डबी मोरीत पालथी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. मग विचारल्यासारखं, स्वतःशीच म्हणाल्या, "आन् भाजी तर म्या रोज रांदती की."

"खाता का?"

सगळ्यांत शेवटी त्याच जेवायच्या. तोवर भाजीचं पातेलं खरवडलेलं असायचं, उरायची ती भाकरी आणि मिरचीचा खर्डा.

पुढचं दार उघडून पंगत बसली, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं. एरवी ऊठसूट वाद घालणारी माणसं, पण त्या दिवशी कुणी ताटाला हात लावला नाही. तो चिडका कारकून उठला, त्यानं स्वतःच्या हातानं पाट मांडला आणि म्हणाला, "मावशी, आधी तुम्ही. तुमची भाजी संपली की आमची भाकरी वाढा."

"मला लाज वाटती, तिकडं बगा," मावशी म्हणाल्या. सगळे भिंतीकडे तोंड करून बसले. मावशी माठाची भाजी जेवल्या, आणि दुपारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तेव्हापासून खानावळीत तोच रिवाज पडला. रोज सकाळी दारात आधी मावशींचा आ व्हायचा आणि बघणारा मी.

पण खानावळ फार दिवस राहिली नाही. त्यांच्या माहेरी, गुंजवण्याला, भावाची बायको वारली, पोरं लहान होती, आणि भाऊ न्यायला आला. मोटारीच्या अड्ड्यावर आम्ही सगळी पंगत पोचवायला गेलो. बोचक्यात शेवग्याच्या फांद्या होत्या, तिकडे लावायला. त्या सकाळी मी बघितला तेव्हा डाग फिकटला होता, पण गेला नव्हता. मोटार हलली तशा त्या खिडकीतून वाकल्या, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या बाजारादेखत, पदर न लावता, मोठा आ केला.

मी अजून भोरलाच आहे. माठाची भाजी आता मला रांधता येते. दुकानातून सुटी मिळाली की एक खण घेऊन गुंजवण्याला जाणार आहे. त्यांची चोळी माझ्या हातानं शिवीन, भाजी माझ्या हातानं वाढीन, आणि त्याआधी त्यांना दारात उन्हाकडे तोंड करून उभं करीन. हे फेडल्याशिवाय मी माझ्या गावी परत जाणार नाही.